दृश्य, अवरक्त, क्ष-किरण की गॅमा? पहिल्या प्रकल्पासाठी कोणत्या अवकाश दुर्बिणीचा डेटा घ्यावा

अवकाश दुर्बिणींनी टिपलेला बहुतांश डेटा काही काळाने सगळ्यांसाठी खुला होतो. शुल्क नाही, शिफारस लागत नाही. संगणक आणि चिकाटी असली की झालं. त्यामुळे हौशी अभ्यासक असो की पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी, अडचण डेटा मिळण्याची नसते, निवडण्याची असते. दृश्य प्रकाशाची हबल घ्यावी, अवरक्ताची वेब घ्यावी, क्ष-किरणांची चंद्रा की गॅमा किरणांची फर्मी? बहुतेक जण चित्रं बघून ठरवतात. मीही पहिल्यांदा तेच केलं. दोन महिने वेबच्या फायलींमधल्या पार्श्वभूमीशी झटापट केली आणि मग लक्षात आलं, की मला पडलेला प्रश्न त्या तरंगलांबीत सुटणाराच नव्हता.

म्हणून तुलना करताना चित्रं बाजूला ठेवू. (तसेही त्यातले रंग बहुतेक वेळा माणसांनी नेमून दिलेले असतात. अवरक्त किंवा क्ष-किरणांना डोळ्याला दिसेल असा रंग कुठून असणार?)

एक वस्तू, वेगवेगळी उत्तरं

शर्मिष्ठा तारकासमूहात कॅसिओपिया ए नावाचा एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे. अंतर सुमारे ११,००० प्रकाशवर्षं. स्फोटाचा प्रकाश आपल्यापर्यंत साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वी पोहोचला असावा.

हबलला तिथे तुटक धागे आणि गाठी दिसतात. काही महिन्यांच्या अंतराने घेतलेली चित्रं शेजारी ठेवली की त्या गाठी सरकलेल्या दिसतात, म्हणजे दृश्य प्रकाशातून वेग काढता येतो. स्पिट्झर आणि वेब या अवरक्त दुर्बिणींना तिथली कोमट धूळ दिसते. चंद्राला कोट्यवधी अंश तापलेला वायू दिसतो आणि सिलिकॉन कुठे, लोह कुठे, याचा नकाशा काढता येतो. १९९९ मध्ये चंद्राने काढलेल्या पहिल्यावहिल्या चित्रातच अवशेषाच्या मध्याजवळ एक ठिपका सापडला, जो आधी कुणाला दिसला नव्हता. तो मागे उरलेला न्यूट्रॉन तारा. नुस्टारने त्याहून जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांत टायटॅनियम-४४ चे विखुरलेले गोळे दाखवले, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नकाशातून स्फोट एकसारखा गोल नव्हता हे पुढे आलं. फर्मीला मात्र हा सगळा पसारा जेमतेम एक ठिपका दिसतो. आकार नाही की धागे नाहीत. पण त्या ठिपक्याच्या वर्णपटावरून तिथे कण किती ऊर्जेपर्यंत पोहोचले आहेत याचा अंदाज येतो.

अतिनील? मधल्या धुळीत तो प्रकाश अडतो. तिथे अतिनील दुर्बीण रोखण्यात फारसा अर्थ नाही.

यातली कोणतीही दुर्बीण दुसरीपेक्षा ‘चांगली’ नाही. वेग, धूळ, मूलद्रव्यं, स्फोटाचा आकार, कणांची ऊर्जा: प्रश्न वेगळे, म्हणून उत्तर देणारी तरंगलांबी वेगळी. ढोबळ अंदाज हवा असेल तर वीनचा नियम पुरतो. २,९०० ला केल्विनमधल्या तापमानाने भागा. वस्तू कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक चमकते ते मायक्रॉनमध्ये मिळतं. ५,८०० केल्विनचा सूर्य ०.५ मायक्रॉनला, म्हणजे दृश्य प्रकाशात. ३० केल्विनची धूळ १०० मायक्रॉनच्या आसपास. एक कोटी केल्विनचा वायू ०.३ नॅनोमीटरला, म्हणजे क्ष-किरणांत. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान कणांच्या प्रकाशाला हा नियम लागू नाही, आणि फार दूरच्या वस्तूंची गोष्टही निराळी. त्याकडे येतोच.

हबल की वेब?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि ‘नवी ती घ्या’ हे त्याचं उत्तर नाही. हबलचा आरसा २.४ मीटरचा, वेबचा ६.५ मीटरचा. पण चित्रातला बारकावा व्यासाइतकाच तरंगलांबीवर ठरतो; तरंग लांबला की चित्र पुसट होतं. हबल ०.५ मायक्रॉनला ०.०५ आर्कसेकंदापर्यंतचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) बारकावा दाखवते. वेब २ मायक्रॉनला ०.०८ च्या आसपास असते, म्हणजे एवढा मोठा आरसा असून जवळपास बरोबरीच. २० मायक्रॉनला वेबचाच बारकावा ०.८ आर्कसेकंदापर्यंत घसरतो. दीर्घिकेतले तरुण निळे तारे वेगवेगळे मोजायचे असतील तर हबलच घ्या. वेबच्या आरशावर सोन्याचा मुलामा आहे. सोनं अवरक्त उत्तम परावर्तित करतं पण निळा प्रकाश गिळतं, म्हणून वेबची नजर ०.६ मायक्रॉनच्या अलीकडे येतच नाही. हबल ०.११५ मायक्रॉनपासून, म्हणजे बऱ्याच खोल अतिनीलपासून, १.७ मायक्रॉनपर्यंत बघते.

वेब जिंकते ती दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे धूळ. गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध खांब दृश्य प्रकाशात काळेकभिन्न दिसतात. अवरक्तात त्यांच्या आतले आणि मागचे तारे दिसायला लागतात, कारण लांब तरंग धुळीच्या कणांना फारसे अडखळत नाहीत. दुसरं म्हणजे अंतर. हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची रेषा मुळात खोल अतिनीलमधली. विश्वाच्या प्रसरणाने ती ११ पट ताणली गेली, की आपल्याकडे १.३४ मायक्रॉनला पोहोचते. म्हणजे अतिदूरच्या दीर्घिका बघताना वेब ही अवरक्त दुर्बीण खरं तर तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश बघत असते. मला ही गोष्ट अजूनही गमतीशीर वाटते.

पण अवरक्ताची किंमत मोजावी लागते. या तरंगलांबीत दुर्बीण स्वतःच चमकते. म्हणून वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पाच पदरी सावलीआड बसवली आहे, आणि तिचं मध्य-अवरक्त उपकरण शीतयंत्राने ७ केल्विनच्याही खाली ठेवावं लागतं. ही कटकट डेटातही उतरते: आडवे पट्टे, वैश्विक किरणांनी उमटवलेले ‘स्नोबॉल’ नावाचे गोल डाग, बदलती पार्श्वभूमी. संस्करण केलेल्या फायली तयार मिळतात, पण त्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका. शिवाय वेबची बरीच निरीक्षणं पहिले बारा महिने मूळ प्रस्तावकासाठी राखीव असतात.

दूर-अवरक्ताचं दार तर सध्या बंदच आहे. ३.५ मीटर आरशाची हर्शेल ५५ ते ६७२ मायक्रॉन बघायची. २०१३ मध्ये तिचं द्रवरूप हेलियम संपलं आणि ती थांबली. स्पिट्झरचंही हेलियम २००९ मध्ये संपलं, नंतर ती ३.६ आणि ४.५ मायक्रॉनवर २०२० पर्यंत चालली. थंड धुळीवर काम करायचं असेल तर हर्शेलचा जुना संग्रह चाळा. तो मोठा आहे, पण त्यात नवं काही येणार नाही हे धरून चाला.

अतिनील: दुर्लक्षित, म्हणून मोकळं मैदान

सुमारे ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश ओझोन अडवतो, तेव्हा अवकाशात जाण्याला पर्याय नाही. गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीने २००३ पासून दहा वर्षं आकाशाचा मोठा भाग पिंजून काढला. बारकावा ४–५ आर्कसेकंदांचा, पण व्याप्ती अफाट. २०१५ मध्ये गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची यूव्हीआयटी ही ३८ सेंटिमीटरची जुळी दुर्बीण दीड आर्कसेकंदाहून चांगला बारकावा देते. तिची जवळच्या (म्हणजे दृश्य प्रकाशालगतच्या) अतिनीलची बाजू २०१८ मध्ये बंद पडली, दूरच्या अतिनीलची चालू राहिली. आकार बघून तिला कमी लेखू नका: आपल्यापासून ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून आलेला अतितीव्र अतिनील प्रकाश तिनेच पकडला, आणि ते काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. जवळच्या दीर्घिकांत नवे तारे कुठे जन्मतायत हा प्रश्न असेल, तर हा पर्याय पुष्कळ जणांच्या लक्षातच येत नाही.

क्ष-किरण: माझा कल इकडे

क्ष-किरण साध्या आरशावर सरळ पडले तर परतत नाहीत, आत शिरतात. म्हणून आरसे नळकांड्यासारखे, एकात एक बसवलेले असतात, आणि किरण त्यांच्या भिंतीला चाटून पुढे सरकतात, जसा तिरका फेकलेला चपटा दगड पाण्यावरून उड्या घेत जातो. चंद्रात असे चार जोड आहेत, अतिशय गुळगुळीत. बारकावा अर्ध्या आर्कसेकंदाचा. एक्सएमएम-न्यूटनमध्ये तीन दुर्बिणी, प्रत्येकीत ५८ आरसे. बारकावा कमी, पण प्रकाश गोळा करण्याची ताकद जास्त. दोन्ही १९९९ साली गेल्या.

यातून निवड सोपी होते. ताऱ्यांच्या दाट गुच्छातला नेमका कोणता तारा चमकला हे हवं असेल तर चंद्रा. एकाच स्रोताचा भरघोस वर्णपट हवा असेल तर एक्सएमएम. १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) पुढे काय आहे, धुळीच्या जाड पडद्याआड कृष्णविवर दडलंय का, असं विचारायचं असेल तर ३ ते ७९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट बघणारी नुस्टार. चित्र नको, सेकंदाच्या बारीक अंशात होणारे चढउतार हवे असतील, तर ॲस्ट्रोसॅटचं एलएएक्सपीसी हे क्ष-किरण उपकरण. २०२३ मध्ये गेलेली एक्सरिझम वर्णपटात अफलातून आहे, पण पहिल्या प्रकल्पाला तिच्या वाटेला जाऊ नये.

मला क्ष-किरण आवडतात ते डेटाच्या घडणीमुळे. हबलच्या फायलीत पिक्सेल असतात. चंद्राच्या फायलीत यादी असते: अमुक फोटॉन (प्रकाशाचा एक कण), अमुक वेळी, अमुक जागी, इतक्या ऊर्जेचा. त्याच एका यादीतून तुम्ही चित्र काढू शकता, वर्णपट काढू शकता, आणि वेळेनुसार तेज कसं बदललं याचा आलेखही. चूकही हातात मोजता येते: १०० फोटॉन आले तर अनिश्चितता साधारण १०. नवख्याला आपण काय करतोय हे कळत राहतं, आणि दोनशे फोटॉनांवरही प्रामाणिक निष्कर्ष काढता येतो.

खाचखळगे इथेही आहेत. चंद्राचा मुख्य कॅमेरा नेहमीच्या पद्धतीत दर ३.२ सेकंदांनी वाचला जातो. त्या अवधीत एकाच जागी दोन फोटॉन पडले, तर दोघांची ऊर्जा मिळून एकच नोंद होते. म्हणजे फार तेजस्वी स्रोत घेतलात तर वर्णपट खोटा ठरतो. ‘जास्त प्रकाश म्हणजे जास्त चांगला डेटा’ ही दृश्य प्रकाशातली सवय इथे सोडून यावी लागते. शिवाय वर्षानुवर्षं या कॅमेऱ्यासमोरच्या गाळणीवर मळाचा थर साचत गेला आहे, त्यामुळे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांसाठी सुरुवातीच्या वर्षांतली निरीक्षणं आजच्यापेक्षा सरस आहेत. एक्सएमएमला अधूनमधून प्रोटॉनांचे लोंढे झोडपतात. तेवढा वेळ कापून टाकल्यावर नोंदवहीतली ४० हजार सेकंदं हातात बरीच कमी उरू शकतात.

गॅमा

फर्मीला आरसा नाही. तिच्या मुख्य उपकरणात गॅमा फोटॉन टंगस्टनच्या पत्र्यात शिरून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी बनतो, आणि त्यांच्या वाटेवरून तो कुठून आला हे काढतात. कमी ऊर्जेला ही दिशा काही अंशांनी चुकते. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, त्यावरून कल्पना करा. शेजारच्या स्रोतांचे फोटॉन एकमेकांत मिसळतात आणि ते सांख्यिकीनेच वेगळे करावे लागतात. आकार बघायला फर्मी निरुपयोगी. पण ती साधारण दर तीन तासांनी सगळं आकाश पालथं घालते, २००८ पासून, आणि डेटा लगेच खुला होतो. दीर्घिकेच्या गाभ्यातल्या कृष्णविवराची सतरा-अठरा वर्षांची हालहवाल दुसरीकडे अशी सलग मिळणं कठीण.

वेळेचं भान इथे शिकायला मिळतं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याचे गुरुत्वीय तरंग आले. त्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मीच्या स्फोट-शोधकाला गॅमा झलक दिसली. स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीने टिपलेला अतिनील उजेड भराभर मावळला. क्ष-किरण मात्र चंद्राला नऊ दिवसांनी सापडले. तरंगलांबी निवडताना ‘कुठे’ आणि ‘काय’ याबरोबर ‘कधी’ हेही निवडावं लागतं.

रेडिओचा विषय इथे घेत नाही, कारण एक सेंटिमीटर ते दहा मीटरपर्यंतचे तरंग वातावरणातून सरळ खाली येतात आणि बहुतेक काम जमिनीवरूनच होतं.

मग नेमकं काय घ्यायचं?

घडण, आकार, ताऱ्यांची मोजणी: हबल. धुळीआडचं किंवा फार दूरचं काही, आणि हाताशी अनुभवी मार्गदर्शक: वेब. वर्षानुवर्षांचा चढउतार: फर्मी. तारेजन्म: गॅलेक्स किंवा यूव्हीआयटी. आणि नक्की ठरत नसेल, शिकायचं असेल, तर चंद्राचा एखादा एकटा, मध्यम तेजाचा स्रोत घ्या, ज्याचे काहीशे ते दोनेक हजार फोटॉन मिळतील. सियाओ हे तिचं मोफत सॉफ्टवेअर, चित्र बघायला डीएस ९, आणि पायथन थोडंफार येत असलं की पुरे.

पुढे दोन दुर्बिणींचा डेटा एकावर एक ठेवायचा मोह होईलच. ठेवण्याआधी दोन्हींच्या तारखा बघा. कॅसिओपिया एचे तुकडे सेकंदाला सुमारे ५,००० किलोमीटर वेगाने बाहेर उडतायत, म्हणजे आपल्याला दिसणारी कड वर्षाला ०.३ आर्कसेकंद सरकते. चंद्राचं वीस वर्षांपूर्वीचं निरीक्षण वेबच्या ताज्या चित्रावर जसंच्या तसं ठेवलंत, तर कडा सहा आर्कसेकंदांनी चुकतील.