वाघोटन खाडीवरचा होड्यांचा कारखाना: माझ्या फ्लाय बेबीचे पंख इथे बांधले, त्याचा रिव्ह्यू

थेट मुद्द्यावर येतो. लाकडी विमानाचे पंख बांधायचे असतील आणि तुम्ही कोकणपट्टीत कुठेही राहत असाल तर फर्निचरवाल्याकडे जाऊ नका, होडी बांधणाऱ्याकडे जा. विजयदुर्गच्या बाजूला वाघोटन खाडीच्या काठाला एक जुना कारखाना आहे, बापलेक मेस्त्री आणि हाताखाली चार माणसं, तिथे माझ्या पंखांचं काम झालं. लाकूडकामाला पाचपैकी पाच, तारांच्या कामाला तीन, जागेला साडेतीन. नाव इथे टाकत नाहीये, मोठ्या मेस्त्रींनीच सांगितलंय की होड्यांचीच कामं पुरून उरतात, उगाच लोक बघायला येतील. खरंच बांधत असाल तर मेसेज करा, पत्ता देतो. हा तोच भाग आहे जिथे मराठा आरमाराची गोदी होती, खाडीच्या तोंडापासून आत गिर्येच्या बाजूला अजून बघायला मिळते, तर लाकडाची समज इथे पिढ्यांची आहे हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

विमान कुठलं ते सांगतो म्हणजे काम किती नाजूक होतं ते कळेल. फ्लाय बेबी, पीट बॉवर्स यांचं डिझाइन, पहिलं उड्डाण १९६० चं आणि १९६२ ला अमेरिकेतल्या ईएएची (घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना) डिझाइन स्पर्धा यानेच जिंकली. एक सीट, पंख खाली, २८ फुटी स्पॅन (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांची लांबी), आणि रिकाम्या विमानाचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. पंखाला बाहेरून तारांचा आधार असतो, म्हणजे आत दोन लाकडी स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारे मुख्य वासे), त्यावर प्लायच्या फासळ्या, आणि बाहेरून वरखाली तारा. आपल्याकडे घरी विमान बांधतो म्हटलं की लोक आधी हसतात, पण कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांनी गच्चीवर विमान बांधलं आणि २०१७ ला डीजीसीएची (सरकारी विमान वाहतूक नियामक) नोंदणीही मिळवली, त्यामुळे हे होऊ शकतं की नाही हा प्रश्न माझ्या डोक्यात नव्हताच. माझा प्रश्न एकच होता, कोकणातल्या हवेत लाकडी पंख नीट चिकटवता येईल का.

आता या कारखान्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे लोक लाकूड नाकारतात. मी बाहेरून मागवलेला सिटका स्प्रूस (विमानाच्या कामाचं हलकं लाकूड) घेऊन गेलो होतो, चांगले पैसे मोजलेले, कागदपत्रं सगळी बरोबर, आणि मोठ्या मेस्त्रींनी कागद बाजूला ठेवला आणि फळ्या एकेक करून उन्हात तिरप्या धरून बघायला सुरुवात केली. स्पारच्या लाकडाचा नियम असा की रेषा फळीच्या कडेला जवळपास समांतर हव्यात, पंधरा इंचात एक इंचापेक्षा जास्त तिरप्या गेल्या तर ती फळी स्पारसाठी बाद, कारण वाकताना लाकूड त्या तिरप्या रेषेवरच फुटतं. मेस्त्रींना हा आकडा माहीत नव्हता, पण त्यांनी फळीच्या टोकाचा एक तुकडा पटाशीने फोडला आणि फूट कुठल्या दिशेला पळाली ते मला दाखवलं, म्हणाले, वरनं बघून काय कळूचा नाय, फोडल्यार कळतला. नंतर मी फूटपट्टी लावून मोजलं तर एक फळी खरंच नियमाबाहेर होती. ती आता फासळ्यांच्या कॅपस्ट्रिपसाठी (फासळीच्या कडेच्या बारीक पट्ट्या) चांगल्या जागा निवडून निवडून कापली. दुसऱ्या एका फळीवर रेषांच्या आडवे अगदी बारीक, केसासारखे चरे होते, असे चरे म्हणजे लाकूड आधीच कुठेतरी दाबाने आतून चेंगरलेलं असतं, आणि असं लाकूड बाहेरून ठणठणीत दिसतं पण लोड आल्यावर एकदम तुटतं. ती फळी विमानात कुठेच वापरायची नाही असं ठरलं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही, दुकानदार माल विकतो, हा माणूस माल परत द्यायला लावतो, असा माणूस पैसे देऊनसुद्धा सहज मिळत नाही.

मग पाणी. लाकडातला ओलावा पंखाच्या कामाला साधारण आठ ते बारा टक्के हवा. आपल्याकडे पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ च्या वर बसलेली असते आणि अशा हवेत ठेवलेलं लाकूड कितीही भट्टीत सुकवलेलं असलं तरी हळूहळू सोळा-सतरा टक्क्यांवर जाऊन बसतं. म्हणजे जुलैत चिकटवलं आणि फेब्रुवारीत ते आकसलं की जोडावर कायमचा ताण. मेस्त्रींनी माझ्या एका फळीवर हात फिरवून सांगितलं, “ह्यां लाकूड आता नको घालूक. भायरसून सुकां दिसता, पन आत पाणी आसा.” मी मीटर लावला, टोकांना अकरा आणि मध्ये पंधरा. त्यांच्याकडे मागे एक बंद खोली आहे तिथे मी डीह्युमिडिफायर आणि हायग्रोमीटर लावला, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून रचल्या, आणि खोलीतली आर्द्रता साठच्या आसपास टिकवली की लाकूड आपोआप अकरा-बाराला येऊन थांबतं. चिकटवण्याचं सगळं काम थंडीत केलं. ज्यांना घाई आहे त्यांनी इथे येऊ नका, हे लोक ओलं लाकूड हातात घेणारच नाहीत, आणि बरोबरच आहे ते.

स्कार्फ जोड म्हणजे दोन फळ्या लांब तिरप्या कापून एकावर एक चिकटवायच्या. विमानात हा उतार एकास दहा ते एकास बारा ठेवतात, म्हणजे इंचभर जाडीला दहा-बारा इंच लांब तिरका काप. होडीवाल्यांना हे शिकवायला लागत नाही, फक्त दोन गोष्टी मला सांगाव्या लागल्या. एक म्हणजे पंख जिथे फ्युजलाजला (विमानाच्या धडाला) जोडतो किंवा तारेची पट्टी जिथे बसते त्या फिटिंगखाली जोड येता कामा नये. दुसरं म्हणजे जोड रंध्याने घेतलेला आणि त्याच दिवशी चिकटवलेला हवा, सँडपेपर मारून नाही, कारण घासलेल्या भुशाने लाकडाची तोंडं बुजतात. धाकट्या मेस्त्रींचा रंधा बघण्यासारखा आहे, जोड उजेडासमोर धरला तर मधून उजेड दिसत नाही.

ग्लू मी टी-८८ इपॉक्सी वापरला. आकारमानाने समसमान मिसळायचा आणि वजन करून घ्यायचं तर १०० ला ८३, बारीक काटा असेल तर वजनानेच घ्या. इथे एक अडचण आली ती स्वभावाची. होडीच्या कामात शिकंजा जीव खाऊन आवळायची सवय आहे, आणि जुन्या रिसॉर्सिनॉल ग्लूला तसाच दाब लागायचा. इपॉक्सीचं उलटं आहे, फार आवळलं तर सगळा ग्लू बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो. हे तोंडाने सांगून पटेना म्हणून दोन नमुने केले, एक हलक्या दाबाचा आणि एक पूर्ण आवळलेला, दोन दिवसांनी दोन्ही शिकंज्यात धरून हातोड्याने तोडले. हलक्या दाबाचा तुटला तो लाकडातून, ग्लू जागेवर. आवळलेला तुटला तो बरोबर ग्लूच्या रेषेवर. मोठे मेस्त्री दोन्ही तुकडे बराच वेळ हातात घेऊन बसले आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतः पोरांना दाब किती ते शिकवलं. साठी उलटलेल्या कारागिराने एका नमुन्यावर आपली आयुष्यभराची सवय बदलावी याचं मला फार कौतुक आहे. पुढे प्रत्येक वेळी कालवलेल्या ग्लूचा एक नमुना तारीख टाकून ठेवायचा आणि तोडून बघायचा हा नियम त्यांनीच चालू ठेवला.

फासळ्यांबद्दल फार लिहीत नाही, साच्यावर एकसारख्या झाल्या, झालं. प्लाय एअरक्राफ्ट बर्चच घ्या, बाजारात मरीन म्हणून मिळतं ते ७१० चं (आयएस ७१० मानकाचं) प्लाय होडीला उत्तम असेल पण वजनाने पंखाच्या कामाचं नाही. मेस्त्रींचा सागाचा आग्रह होता, साग टिकाऊ आहे यात वाद नाही पण स्प्रूसच्या दीडपट जड आणि वर तेलकट, चिकटवायच्या आधी अॅसिटोनने पुसावा लागतो. शेवटी कारखान्याची आठवण म्हणून कंट्रोल स्टिकची मूठ तेवढी सागाची केली.

आता तारा, इथे दोन मार्क कापलेत. आतल्या ड्रॅग आणि अँटी-ड्रॅग तारा पंख काटकोनात धरतात, प्रत्येक खणाचे दोन्ही कर्ण मोजून समान करायचे. हे काम छान झालं. बाहेरच्या तारांपैकी वरच्या लँडिंग वायर जमिनीवर पंखाचं वजन धरतात आणि त्यांच्या लांबीवर डायहेड्रल (पंखांची टोकं किती वर उचललेली ते) ठरतो, खालच्या फ्लाइंग वायर लँडिंग गिअरकडे जातात आणि उडताना सगळा लोड त्यांच्यावर असतो. मापं घेण्यात या लोकांना तोड नाही. टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली, आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन्ही पंखांची टोकं एका पातळीत आणली, गवंडी वापरतात तीच नळी, मी आणलेल्या डिजिटल लेव्हलपेक्षा एवढ्या लांबीवर ती जास्त भरवशाची निघाली. शेपटीच्या खांबापासून दोन्ही टोकांची अंतरं पण त्यांनी न सांगता मोजली, होडीची नाळ सरळ आहे का ते असंच बघतात म्हणे. मागच्या तारा थोड्या कमीजास्त करून टोकाचा कोन मुळापेक्षा जरा कमी ठेवायचा असतो, म्हणजे स्टॉल होताना (पंखाची उचल सुटताना) आधी मुळाकडचा भाग सुटतो आणि एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारे पंखाच्या टोकाकडचे हलते भाग) शेवटपर्यंत चालतात, हेही त्यांना एकदा चित्र काढून दाखवल्यावर समजलं.

पण ताण किती द्यायचा यात त्यांचा हात जड आहे. डोलकाठीचे दोर ताणायची सवय, तार वाजेपर्यंत आवळतात. जास्त ताणलेली तार उडायच्या आधीच स्पारला दाबून धरते, मग खऱ्या लोडला जागा कमी उरते. टर्नबकलचंही (तारेचा ताण कमीजास्त करायचा आट्यांचा जोड) तसंच, बॅरलच्या बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत आणि वर सेफ्टी वायर गुंडाळलीच पाहिजे, होडीवर हे कोणी करत नाही त्यामुळे दरवेळी आठवण करावी लागते. तारेच्या टोकाचे स्लीव्ह (तारेचा फास पक्का धरणाऱ्या धातूच्या नळ्या) दाबून झाल्यावर गेजने तपासायला लागतात, तो गेज त्यांच्याकडे नाही. तारांचं काम ओळखीच्या एका निवृत्त एअरक्राफ्ट इंजिनिअर काकांना बोलावून पुन्हा सगळं तपासून घेतलं, तुम्हीही तसंच करा, या कामात कारखान्यावर सोडून देऊ नका. आणि खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइज्ड तार लावू नका, स्टेनलेसच घ्या, आणि स्टेनलेसला साधा तांब्याचा स्लीव्ह चालत नाही, मुलामा दिलेला लागतो.

जागेचे दीड मार्क का कापले तर शेडच्या एका बाजूला फायबरच्या होड्या होतात. साच्याला लावायचं मेण आणि फायबरची धूळ दोन्ही ग्लूचे शत्रू, आणि लाकडी होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात त्याचे हात कुठेही लागतात. मी विनंती केल्यावर त्यांनी मागच्या खोलीत वेगळं टेबल दिलं आणि माझ्या कामाला वेगळे रंधे ठेवले, पण हे तुम्हाला मागून घ्यायला लागेल, आपणहून होणार नाही.

पैसे रोजावर घेतात, मटेरियल आपलं. शहरातल्या एका सीएनसीवाल्याने नुसत्या फासळ्या कापायचे जे सांगितले होते साधारण तेवढ्यात इथे फासळ्या, स्कार्फ आणि जोडणी असं सगळं झालं. हिशोब वहीत रोजच्या रोज लिहिलेला असतो, एक रुपया इकडचा तिकडे नाही. दुपारचं जेवण त्यांच्याच घरी, नको म्हणालात तर काकी रागावतात.

जायचंच असेल तर मासेमारी बंदीच्या दिवसांत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, अजिबात जाऊ नका, तेव्हा सगळ्या होड्या दुरुस्तीला वर काढलेल्या असतात आणि हवाही ग्लूची नसते. एप्रिल-मेमध्येसुद्धा गर्दी सुरू झालेली असते. दिवाळीनंतर फोन करा, लाकूड आधी नेऊन खोलीत ठेवा आणि जानेवारीत काम सुरू करा. सोबत स्वतःचा मीटर, ग्लूचा काटा आणि प्लॅनची मोठी प्रिंट न्या, मेस्त्रींना मोबाइलवर ड्रॉइंग दाखवलेलं आवडत नाही, कागद टेबलावर पसरून बोटाने रेघ धरत वाचतात. पंखावर बाहेरून कापड चढवायच्या आधी एकदा उघडा पंख त्यांना परत दाखवा, आणि आतून व्हार्निशचे दोन हात मारले असले तरी प्रत्येक खणाच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला भोक ठेवलंय ना ते विचारा, माझ्या पंखात कुठे ठेवायचं ते त्यांनीच खडूने आखून दिलंय, मी ती भोकं पुढच्या महिन्यात पाडतोय.