लेझरचा मोतीबिंदू: पैसे मशीनवर घालावेत की भिंगावर?

लातूर-नांदेडकडं फेको (मोतीबिंदूचं नेहमीचं ऑपरेशन) करून आलेला माणूसही ‘लेझरनं काढला’ असंच सांगतो. फेकोत लेझर नसतो. त्यात मोतीबिंदू फोडून ओढणारी, अल्ट्रासाऊंडनं थरथरणारी सुई असते. म्हणून पॅकेज ऐकल्यावर पहिला प्रश्न: फेम्टो की साधा फेको?

फेम्टोसेकंद लेझर डोळ्यावर सक्शनची कडी बसवून तीन कामं करतो: कॉर्नियाचे छेद, भिंगाच्या पिशवीला सुमारे ५ मिमीचं गोल तोंड आणि मोतीबिंदूचे तुकडे. तुकडे ओढायला नंतर फेको लागतोच, भिंगही सर्जनच बसवतो. गोल तोंड लेझर हातापेक्षा नेमकं कापतो, यात वाद नाही. पण फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत शेवटची नजर दोन्हींत जवळपास सारखीच निघाली.

शिवाय लेझरनंतर बाहुली आक्रसते, त्यासाठी आधी थेंब घालावे लागतात. पूर्ण पांढऱ्या मोतीबिंदूत किरण खोल जात नाही, तुकडे होत नाहीत. ‘पिकू द्या’ म्हणत आधी तूर निघेपर्यंत, मग ऊस जाईपर्यंत थांबलेल्या पेशंटला लेझर नेमका तिथंच तोकडा पडतो. फार कडक मोतीबिंदूला ६-७ मिमी छेदाचं बिनटाक्याचं ऑपरेशन अजूनही उत्तम.

आमच्या मते जादा पैसे घालायचेच तर मोजमाप आणि भिंगावर घालावेत. डोळ्याची लांबी १ मिमी चुकली तर नंबर अडीच-तीननं चुकतो. ऑप्टिकल बायोमेट्री (प्रकाशानं केलेलं डोळ्याचं मोजमाप) मागाच.

मोनोफोकल म्हणजे एकाच अंतराच्या भिंगात लांबचं स्वच्छ दिसतं, पोथी वाचायला चष्मा लागतो. शेतकऱ्याला बहुधा हेच पुरतं. ट्रायफोकलनं (लांब, मधलं, जवळचं अशा तीन अंतरांचं भिंग) चष्मा बराच सुटतो, पण रात्री समोरच्या हेडलाइटभोवती कडी दिसतात. रात्री गाडी चालवणाऱ्यानं, आणि काचबिंदू किंवा मधुमेहानं पडदा बिघडलेल्यानं ते टाळावं. ईडीओएफ (स्पष्ट दिसण्याचा पल्ला वाढवणारं भिंग) या दोन्हींच्या मधलं: कडी कमी, पण बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो.

तिरपा नंबर साधारण एकच्या पुढं असेल तर तो घालवणारं टोरिक भिंग. ते १० अंश फिरलं की एक तृतीयांश परिणाम गेला. म्हणून पेशंटला सरळ बसवून आधी डोळ्यावर खुणा करतात का, ते पाहा.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, पूर्वी घेतली असेल तरी, सर्जनला सांगाच. त्यानं बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो. ऑपरेशनच्या तोंडावर गोळी बंद करूनही उपयोग होत नाही.

भिंगाच्या डब्यावरचं स्टिकर (मॉडेल, पॉवर, सीरियल नंबर) फाईलला चिकटवून घ्या. नंतर दुखणं वाढलं, डोळा लाल झाला किंवा नजर उतरली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

काही महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धुरकट दिसलं, तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. बहुधा पिशवीचा मागचा पडदा गढूळ होतो. तो याग लेझरनं, डोळा न कापता, काही मिनिटांत उघडतात. इथं मात्र लेझर पुरेपूर कामाचा.