नेटवर्क यूपीएस टूल्स: वापरानंतरचा अभिप्राय

एकाच यूपीएसवर दोन सर्व्हर चालवणाऱ्यांना ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही मुक्त (ओपन सोर्स) संगणकप्रणाली मी मनापासून सुचवतो. यूपीएसची यूएसबी केबल पहिल्या सर्व्हरला जोडलेली असते. वीज गेल्यावर बॅटरी फारच खालावली, की तो दुसऱ्याला नेटवर्कवरून बंद व्हायला सांगतो, त्याने संपर्क तोडेपर्यंत थांबतो आणि मग स्वतः बंद होतो. मात्र संपर्क तुटला म्हणजे दुसऱ्यावरील डेटाबेस नीट बंद झालाच असे नाही, म्हणून पहिल्यावरील ‘फायनलडिले’ (स्वतः बंद होण्याआधी थांबण्याचा वेळ) मूळच्या 5 सेकंदांवरून वाढवावाच. मांडणी किचकट आहे. वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) करावी लागते. ती राहून गेल्याने आमचा सर्व्हर पहाटेपासून दहा वाजेपर्यंत बंदच होता.