रेसचं जुनं इंजिन घेताना खरा सीसी कसा ओळखायचा? नंबर, प्लगचं भोक की हेड उघडणं

गेल्या मे महिन्यात भाचा डर्ट रेससाठी (मातीच्या ट्रॅकवरची शर्यत) यामाहा आरएक्स १०० या टू स्ट्रोक बाईकचं एक वापरलेलं इंजिन बघून आला. "मामा, नंबर जुळतोय, कागद आहेत, शंभरचंच आहे." नाशिकमध्ये सातपूरला त्याच्या मित्राच्या गॅरेजात हेडचे, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणाचे, चार नट काढले. पिस्टनच्या डोक्यावर काजळीखाली काहीतरी ठोकलेलं दिसत होतं. पेट्रोलच्या फडक्याने पुसलं तर १.०० निघालं, म्हणजे मूळ मापापेक्षा १ मिमी मोठा पिस्टन, वाढवायची शेवटची साईझ. बोअर, म्हणजे सिलेंडरच्या आतला व्यास, ५० मिमीचा ५१ झालेला. शंभर सीसीच्या आतल्या क्लासमध्ये ते इंजिन बसणार नव्हतं, आणि विकणारा खोटंही बोलत नव्हता.

सीसीचा हिशेब सोपा आहे. पिस्टन पार वरून पार खाली जातो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४, आणि येईल त्याला सिलेंडरच्या संख्येने गुणायचं. मापं सेंटिमीटरमध्ये घ्यायची. आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५० मिमी, उत्तर ९८ सीसी. बोअर ५१ केला की १०२. बोअरचा वर्ग होतो, म्हणून बोअरमधला एक मिलिमीटर इथे चार टक्के खातो, स्ट्रोकमधला दोनच.

आता इंजिन ओळखायचे तीन मार्ग.

नंबर बघणं फुकटचं आणि दोन मिनिटांचं काम. पण नंबर असतो क्रँककेसवर (इंजिनाचं खालचं कवच), आणि बोअर असतो ब्लॉकमध्ये (वर वेगळा बसणारा सिलेंडर). केस कुठली ते कळतं, आत काय फिरतंय ते नाही. रेसच्या इंजिनाला नंबर म्हणजे आधारकार्ड. माणूस कोण ते कळतं, वजन किती ते नाही. चोरीचा माल नाही ना, एवढ्यासाठी बघाच, पुढे त्याच्यावर विसंबू नका.

स्पार्क प्लगच्या भोकातून मोजणं हा मधला मार्ग, विकणारा "उघडू देणार नाही" म्हणतो तेव्हाचा. प्लग काढायचा, डेप्थ मोजायची काडी आत सोडायची, चाक किंवा किक हाताने हळू फिरवत पिस्टन एकदा पार वर आणि एकदा पार खाली आणायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे स्ट्रोक. कुणी क्रँकपिन (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारी पिन) सरकवून बसवली असेल तर ती इथेच पकडली जाते, कारण पिन १ मिमी बाहेर गेली की स्ट्रोक २ मिमीने वाढतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अडचण एकच: प्लग सरळ उभा हवा. पल्सर १८० किंवा २२० मध्ये दोन्ही प्लग तिरके. काडी १५ अंशांनी कलली तर माप साडेतीन टक्के जास्त येतं, म्हणजे ५६.४ चा स्ट्रोक ५८ च्या वर दिसतो. उगाच विकणाऱ्याशी वाद होतो. शिवाय बोअर या मार्गाने कळतच नाही.

काहीजण प्लगमधून ब्युरेटने (मापाच्या खुणांची काचनळी) तेल ओतून आतली जागा मोजतात. टू स्ट्रोकला हे करू नका. पिस्टन खाली असताना पोर्ट (सिलेंडरच्या भिंतीतली भोकं) उघडे असतात, तेल थेट सायलेन्सरमध्ये आणि केसमध्ये. फोर स्ट्रोकलाही पिस्टन खाली असताना रेसच्या कॅममुळे एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) सैल केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

हेड उघडणं. माझा कल इकडेच, निदान टू स्ट्रोकला. चार नट, एक हेड पॅकिंग, अर्धा तास. बोअर मोजताना पिस्टनचा माथा मोजू नका, तो बोअरपेक्षा लहानच असतो. अंबडच्या एखाद्या सिलेंडर बोरिंगवाल्याकडून बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) घेऊन सिलेंडरमध्ये वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्या. रिंग जिथे पोहोचत नाही त्या वरच्या काठावर झीज नसते, बोअर शेवटचा कितीला केला होता ते तिथे कळतं. स्ट्रोकही ब्लॉकच्या माथ्यावरून डेप्थ घेऊन तिथल्या तिथे निघतो.

फोर स्ट्रोकला मात्र हेड उघडायचं म्हणजे टायमिंग चेन सोडणं आलं, पॅकिंग आलं, टॅपेट आले. तिथे आधी स्ट्रोक बघा. १८० म्हणून विकायला ठेवलेल्या पल्सरचा स्ट्रोक ६२.४ निघाला तर आत २२० चा क्रँक आहे. १८० चा ५६.४ असतो. सहा मिलिमीटरचा फरक तिरक्या प्लगमधूनही लपत नाही. स्ट्रोक जुळला तर उरते बोअरची शंका, आणि तिच्यासाठी हेडच्या मजुरीएवढी रक्कम भावातून कापून मागायची. विकणारा तयार नसेल तर मी त्या इंजिनाकडे परत बघत नाही.

भाच्याने शेवटी ते शंभरचं इंजिन घेतलंच, पण वरच्या क्लाससाठी, आणि हजार रुपये कमी करून. साईझ संपलेल्या ब्लॉकला पुढच्या वेळी नवा लायनर (सिलेंडरच्या आतली नळी) लागणार, हे त्याने विकणाऱ्याला काजळी पुसलेलं फडकं दाखवतच सांगितलं.