सात तास, ए-बी ब्लॉक की फोर बाय फोर: हायस्कूलच्या वेळापत्रकावर मत देण्याआधी

अमेरिकेतल्या आमच्या हायस्कूलच्या प्रश्नावलीत तीन गोल होते. रोजचे सात तास तसेच ठेवायचे, ए-बी ब्लॉक आणायचा, की फोर बाय फोर. एक गोल भरा, शुक्रवारपर्यंत पाठवा. आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "ब्लॉक म्हणजे काय हो?" आणि लगेच दुसरा, "कशात जास्त एपी घेता येतात?" (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय.) त्या वर्षी मी शाळेच्या वेळापत्रक समितीवर पालकांतर्फे बसत होते. सहा महिने तेच तेच तक्ते बघून माझं मत झालंय की हा दुसरा प्रश्नच चुकीचा आहे. अभ्यासात बरं, तब्येतीनं ठीक आणि चारही वर्षं एकाच शाळेत राहणारं मूल तिन्हींत तरून जातं. वेळापत्रक पारखायचं ते ज्या मुलाकडे एकही रकाना मोकळा नाही, त्याच्यावरून.

आपला गोंधळ होतो त्याला कारण आहे. आपण शिकलो तिथे वेळापत्रक तुकडीचं असायचं. 'आठवी ब' एका वर्गात बसून राहायची आणि बाई-सर बदलायचे. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिक्षक आपल्या खोलीत आणि मुलं दप्तर पाठीला लावून फिरतीवर. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. हवे असलेले दोन विषय एकाच वेळी आले तर काय करायचं, हा पेच आपल्याला कधी पडलाच नाही. इथे सगळं घोडं तिथेच अडतं.

थोडं क्रेडिटबद्दल, म्हणजे पूर्ण केलेला विषय मोजण्याच्या मापाबद्दल. वर्षभराच्या विषयाला साधारण एक क्रेडिट हा हिशेब १९०६ च्या सुमाराला रुळला. कार्नेगी फाउंडेशन कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन देणार होतं. त्यासाठी पात्र ठरायचं तर कॉलेजनं प्रवेशाला हायस्कूलची चौदा 'युनिट' मागायची, आणि एक युनिट म्हणजे सुमारे १२० तासांचं शिक्षण, असं ठरलं. म्हणजे आपल्या पोरांच्या वेळापत्रकाचं माप प्राध्यापकांच्या म्हातारपणाच्या सोयीतून आलं! हायस्कूल पूर्ण करायला किती क्रेडिट्स हवीत, याची आज प्रत्येक राज्याची मागणी वेगळी आहे. टेक्सासमध्ये मूळ २२ क्रेडिट्स आणि एंडॉर्समेंटसह (एखाद्या शाखेतला जादा अभ्यास) २६, नॉर्थ कॅरोलायनात २२, फ्लोरिडात २४. न्यू जर्सी १२० मागते, पण तिथे वर्षभराच्या विषयाला पाच क्रेडिट्स मिळतात, तेव्हा आकडा बघून दचकू नका.

आता तिन्ही शेजारी-शेजारी ठेवू. सोयीसाठी शाळेचं वर्ष १८० दिवसांचं धरलंय.

रोजचे सात तास म्हणजे प्रत्येकी पन्नास मिनिटांचे सात विषय, वर्षभर, रोज. एका विषयाला वर्षाला १५० घड्याळी तास मिळतात. वर्षाला सात क्रेडिट्स, चार वर्षांत २८.

ए-बी ब्लॉकमध्ये आठ विषय असतात. चार आज, चार उद्या, प्रत्येकी नव्वद मिनिटं, आणि हे चक्र वर्षभर चालतं. विषयाला १३५ तास. चार वर्षांत ३२ क्रेडिट्स.

फोर बाय फोरमध्ये रोज तेच चार विषय नव्वद-नव्वद मिनिटं. जानेवारीत ते संपतात आणि नवे चार सुरू होतात. तास पुन्हा १३५, क्रेडिट्स पुन्हा ३२.

(ट्रायमेस्टरवाल्या शाळाही आहेत. तिथे वर्षाचे तीन भाग, रोज पाच विषय आणि बहुतेक विषय तीनपैकी दोन भागांत संपवायचे. आमच्या प्रश्नावलीत तो पर्याय नव्हता, म्हणून इथे सोडते.)

कागदावर ब्लॉकवाले जिंकतात. टेक्सासमध्ये २६ हवी असतील तर सात तासांच्या शाळेत चार वर्षांत फक्त दोन रकाने मोकळे राहतात, आणि ब्लॉकमध्ये सहा. ही सहाची चैन कशातून येते? एक तर दर विषयाचे पंधरा घड्याळी तास कापून, म्हणजे पन्नास मिनिटांचे अठरा तास, साडेतीन आठवड्यांहून जास्त. समितीवरचे गणिताचे शिक्षक याच मुद्द्यावर शेवटपर्यंत अडून बसले होते आणि मला त्यांचं पटलं. केमिस्ट्रीच्या बाई मात्र म्हणाल्या, पन्नास मिनिटांत प्रयोग मांडायचा, करायचा आणि धुऊन ठेवायचा, मग निरीक्षण कधी लिहायचं? तेही खरंच होतं.

दुसरी किंमत कुठल्याच पत्रकात छापलेली नव्हती. ती मी एका रात्री जेवणाच्या टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन काढली. समजा, शाळेत १४०० मुलं आहेत. सात विषयांप्रमाणे ९८०० बाकं लागतात. २८ मुलांची एक तुकडी धरली तर ३५० तुकड्या. आठ विषय केले की बाकं होतात ११,२००. एक शिक्षक आधी सातपैकी सहा तास शिकवत होता आणि आता आठपैकी सहाच शिकवणार असेल, तर आहेत त्या शिक्षकांकडून तुकड्या ३५० च निघतात. ११,२०० भागिले ३५०, उत्तर ३२. म्हणजे नवे शिक्षक घेतले नाहीत तर प्रत्येक वर्गात चार मुलं वाढली. पुढच्या बैठकीत मी विचारलं, शिक्षक वाढवणार का? बराच वेळ कोणी बोललं नाही. तुमच्या शाळेतही हाच प्रश्न आधी विचारा. आधी शिक्षक सातपैकी पाचच तास शिकवत असतील तर गणित वेगळं येईल, पण मांडून बघायला हवंच.

मुलांकडे येते. पहिलं मूल व्हायोलिनवालं, कारण आपल्याकडे प्रत्येक तिसऱ्या घरात एक आहे. ऑर्केस्ट्राची वरची तुकडी शाळेत एकच असते. एपी फिजिक्स सीचीही बहुधा एकच. वेळापत्रक बनवणारे अशा विषयाला 'सिंगलटन' म्हणतात आणि त्याला जाम घाबरतात. दोन सिंगलटन नुसत्या चिठ्ठ्या टाकून ठेवले तर सात तासांत ते एकमेकांवर आदळण्याची शक्यता सातात एक आणि ए-बीमध्ये आठात एक. फोर बाय फोरमध्ये ऑर्केस्ट्रा वर्षभर हवा म्हणून तो ब्लॉक दोन्ही सेमिस्टर धरून बसतो, आठातल्या दोन जागा खातो, आणि शक्यता होते चारात एक. प्रत्यक्षात कोणी चिठ्ठ्या टाकत नाही. चांगला शेड्युलर मुलांच्या मागण्यांवरून टकरींचा तक्ता काढतो आणि सिंगलटन आधी बसवतो. पण शाळेत बँड, ऑर्केस्ट्रा, चौथ्या वर्षाची भाषा आणि नाटक सगळंच असेल, तर फोर बाय फोरमध्ये त्याचे हात बांधले जातात. सात तासांच्या शाळा यातून सुटायला शाळेआधीचा 'झिरो पिरियड' काढतात. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत, पण झिरो पिरियडला त्या कायद्यातून सूट आहे. पहाटे व्हायोलिन घेऊन कोण गाडी चालवणार, ते मात्र घरात आधी ठरवा.

दुसरं मूल नववीत अल्जेब्रा वनमध्ये आपटलेलं. इथे फोर बाय फोरला तोड नाही. जानेवारीत नापास झालं तर लगेच पुढच्या सेमिस्टरला तोच विषय घ्यायचा, दहावीत वर्गमित्रांबरोबर जॉमेट्री. सात तासांत किंवा ए-बीत तो निकाल जूनमध्ये कळतो. मग समर स्कूल किंवा पुढच्या वर्षी गणिताचे दोन रकाने. ए-बीत दोन रकाने निदान सापडतात, सात तासांत ते ऐच्छिक विषय कापून काढावे लागतात. पास-नापासच्या मधलीही एक गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात 'डी' मिळाला तरी हायस्कूलचा डिप्लोमा अडत नाही, पण यूसी आणि सीएसयू या राज्याच्या दोन सरकारी विद्यापीठ-समूहांना लागणाऱ्या ए-जी यादीतल्या पंधरा विषयांत 'सी' किंवा त्याहून वर हवं. राज्याच्या किमान अटीत गणिताची दोन वर्षं आहेत, ए-जीमध्ये तीन. शाळेतून सुटणं आणि कॉलेजात शिरणं, या दोन वेगळ्या याद्या आहेत. काउन्सेलर पहिली पूर्ण झाली की हिरवी खूण करतो. दुसरी आपण बघायची.

एपीचं तर फोर बाय फोरशी वाकडंच आहे. परीक्षा मे महिन्यात, सगळ्यांची एकदम. पहिल्या सेमिस्टरला घेतलेला विषय जानेवारीत संपतो आणि मुलाला तो चार महिने डोक्यात ताजा ठेवायचा असतो. दुसऱ्याला घेतला तर जानेवारीअखेर सुरू करून मेच्या आत उरकायचा. शहाण्या शाळा एपीचे दोन विषय जोडीनं एकाच ब्लॉकमध्ये दिवसाआड वर्षभर चालवतात. तुमची तसं करणार असेल तर निम्मी तक्रार मिटते. उरते ती भाषेची. नववीच्या पहिल्या सेमिस्टरला स्पॅनिश वन आणि दहावीच्या दुसऱ्याला स्पॅनिश टू असं पडलं, तर मधे पूर्ण वर्ष कोरडं जातं. 'ओला' (स्पॅनिशमधलं नमस्कार) सोडून काही उरत नाही.

तिसऱ्या मुलाबद्दल आपल्या लोकांनी खास विचार करावा, कारण नोकरी बदलली की आपण डिसेंबरात सामान बांधतो. फोर बाय फोरमधून निघालेल्या मुलाकडे चार विषय पूर्ण आणि चार अजून सुरूच न झालेले. नवी शाळा सात तासांची असेल तर तिथे सातही विषय अर्धे झालेले. उलट दिशेनं गेलात तर सात अर्धवट विषय हातात घेऊन तुम्ही चार नव्या विषयांच्या दारात उभे. सात तास आणि ए-बी यांच्यात मात्र बदली पुष्कळ सोपी जाते, कारण दोन्हीकडे जानेवारीत सगळे अर्ध्यावरच असतात. लष्करातल्या कुटुंबांच्या मुलांसाठी पन्नासही राज्यांनी आपसात करार केलाय, क्रेडिटच्या अडचणीत शाळांनी कशी सवलत द्यायची ते त्यात आहे. आयटीवाल्यांच्या पोरांसाठी असं काही नाही. वर्षाच्या मधे हलण्याची जराही शक्यता असेल तर फोर बाय फोरला माझा स्पष्ट नकार.

आणि ज्यांचा आवाज समितीत सगळ्यात कमी ऐकू येतो ती मुलं: आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेनं लिहून दिलेला मदतीचा आराखडा) असलेली, इंग्रजी नव्यानं शिकणारी. त्यांचा एखादा रकाना आधाराच्या वर्गाला जातोच. आयईपीत लिहिलेली मदत देणं शाळेवर कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे ते तास वेळापत्रकात आधी बसायला हवेत. सात तासांत तो एक रकाना म्हणजे चित्रकला किंवा संगीत गमावणं. आठात दोन्ही जमतं. माझं पारडं ब्लॉककडे झुकलं ते मुख्यतः यामुळे. नव्वद मिनिटं एका जागी ज्याला बसवत नाही असं मूल घरात असेल तर शिक्षकांना एवढंच विचारा, त्या नव्वदात किती वेळा काम बदलता? "लेक्चर जरा मोठं होतं" असं उत्तर आलं तर सावध व्हा. गैरहजेरीही धरा. फोर बाय फोरमध्ये एक दिवस ताप म्हणजे दोन दिवसांचा अभ्यास बुडाला.

तेव्हा असं म्हणेन. संगीत भरपूर, एपी भरपूर, शिक्षक वाढणार नाहीत आणि २२-२४ क्रेडिट्समध्ये भागतं, तर सात तास मोडू नका. नापासांचं प्रमाण मोठं असेल, मुलं शाळा सोडून जात असतील, तर फोर बाय फोर, पण एपी आणि ऑर्केस्ट्राला दिवसाआडची सोय ठेवून. २६ क्रेडिट्सची अट आणि आधाराचे वर्ग, दोन्ही असतील तर ए-बी, शिक्षकांचे पैसे मंजूर झालेत याची खात्री करून.

तुमच्याकडे मत वगैरे काही मागितलेलं नसेल, वेळापत्रक आहे ते आहे, तर फेब्रुवारीत येणाऱ्या विषय-निवडीच्या फॉर्मवर जोर द्या. त्यात खाली 'पर्यायी विषय' असे दोन-तीन रकाने असतात. टक्कर झाली की सॉफ्टवेअर तिथून उचलतं. माझ्या मुलानं ते कोरे सोडले. "आई, लागतच नाहीत ते." ऑगस्टमध्ये वेळापत्रक आलं तेव्हा चौथ्या तासाला रोबोटिक्सच्या जागी 'ऑफिस असिस्टंट' होतं. वर्षभर चिठ्ठ्या पोचवल्या त्यानं.

शेवटी मी ए-बीचा गोल भरला आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: ऑर्केस्ट्रा आणि एपी फिजिक्स सी कुठल्या ब्लॉकमध्ये टाकणार ते मसुद्यातच दाखवा. मसुदा जूनमध्ये आला. दोन्ही ए-दिवशी, तिसऱ्या ब्लॉकमध्ये. मसुदाच होता, म्हणून हलवता आलं.