पाच महिने मॉशवर: पावसाळ्यात एसएसएच अडखळतं तेव्हा

जून ते ऑक्टोबर, फोंड्यातून मुंबईतल्या लिनक्स सर्व्हरवरचं रोजचं काम मॉश या रिमोट टर्मिनलच्या साधनावरून केलं. गोव्याच्या पावसात वीज गेली की राउटर इन्व्हर्टरवर, तोही बसला की मोबाइलचा हॉटस्पॉट. अशा लाइनवर एसएसएचमध्ये (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करण्याचा नेहमीचा मार्ग) टाइप केलेलं अक्षर सेकंदभर उमटत नाही आणि मग अख्खी ओळ एकदम येऊन पडते. एसएसएच टीसीपीवर, म्हणजे पॅकेट क्रमानेच पोचवणाऱ्या पद्धतीवर, चालतं. एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात.

मात्र मॉश बसवण्याआधी दोष कुठे आहे ते तपासाच. सर्व्हरवर नुसतं ‘कॅट’ लिहून एंटर दाबा आणि टाइप करत राहा. इथे शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) आड येत नाही, अक्षर थेट कर्नल परत पाठवतो. इथेही अडखळलं तर दोष नेटवर्कचा किंवा सर्व्हरवरच्या ताणाचा. इथे सुरळीत आणि प्रॉम्प्टवर जड, तर शेलची रंग भरणारी प्लगिन्स काढून बघा. मोठी लॉग फाइल लॅपटॉपवरच उघडली तरी स्क्रीन रेंगाळते? मग टर्मिनल बदला. विम या एडिटरमध्ये फक्त एस्केपनंतर थांबत असेल तर टीमक्सचा (सर्व्हरवर टर्मिनल सेशन चालू ठेवणारा प्रोग्राम) एस्केप-टाइम बघा. जुन्या आवृत्त्यांत तो ५०० मिलिसेकंद असतो, १० पुरतात.

दोष नेटवर्कचा निघाला तर मॉशसारखा उपाय नाही. २०१२ साली एमआयटीत तयार झालेलं हे साधन यूडीपीवर (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारी पद्धत) चालतं आणि फक्त स्क्रीनची ताजी स्थिती पाठवतं. म्हणूनच चुकून प्रचंड फाइल कॅट केली तरी कंट्रोल-सी लगेच लागू पडतो. लाइन मंद असली की तुमचं अक्षर आधी लॅपटॉपवरच उमटतं, खाली बारीक रेघ असते; सर्व्हरचा दुजोरा आला की रेघ जाते. लाइन तुटली तर वर निळी पट्टी येऊन शेवटचा संपर्क किती सेकंदांपूर्वी झाला ते मोजत राहते. फायबरवरून हॉटस्पॉटवर गेलात तरी सेशन तसंच चालू. मला याच एका गोष्टीसाठी मॉश सोडवत नाही.

बसवताना दोन ठिकाणी अडतं. दोन्ही बाजूंना लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ हवं, नाहीतर सुरूच होत नाही. आणि फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ६०००० ते ६१००० उघडावे लागतात. एकट्यासाठी ६०००० ते ६००१० भरपूर. लॉगिन एसएसएचनेच होतं, त्यामुळे लॉगिनलाच वेळ लागत असेल तर मॉशने फरक पडणार नाही. तिथे एसएसएचच्या सेटिंगमधलं जीएसएसएपीआय प्रमाणीकरण (ओळख पटवण्याची एक पद्धत) बंद करून पाहा.

उणिवा खऱ्या आहेत. वर सरकवून जुनं आउटपुट दिसत नाही, म्हणून आत टीमक्स हवंच. पोर्ट फॉरवर्डिंग (सर्व्हरचा पोर्ट लॅपटॉपवर वापरणं) नाही, एजंट फॉरवर्डिंग (लॅपटॉपवरच्या किल्ल्या सर्व्हरवरून वापरणं) नाही. त्यासाठी शेजारी साधं एसएसएच उघडं ठेवावं लागतं. लॅपटॉप अचानक बंद पडला तर सर्व्हरवर मॉश-सर्व्हरच्या जुन्या प्रोसेस तशाच राहतात. पुढच्या लॉगिनला त्यांचे पीआयडी (प्रोसेस क्रमांक) दिसतात, तेव्हाच मारून टाका.