हमिंगबर्ड ओळखायला शिकवणारे सहा तास (सान हेरार्दो दे दोता, कोस्टा रिका)

लॉजवाल्यांनी गाईड ठरवून दिला होता. सकाळी सहा ते बारा. मी सह्याद्रीत पुष्कळ गाईडांबरोबर फिरले आहे. पक्षी सगळेच दाखवतात, ओळखायला शिकवणारा हा पहिलाच भेटला.

पहिला पक्षी दिसताच आई म्हणाली, "अगं, हा तर आपला शिंजीर!" शिंजीर म्हणजे आपल्याकडचा सनबर्ड. मी गाईडला ते सांगितलं. त्याने नुसतं फुलाकडे बोट दाखवलं. पक्षी हवेतच थांबून मध पीत होता, आणि पिऊन झाल्यावर चक्क मागे सरकला. हा शिंजीर नाही, हमिंगबर्ड आहे आणि हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच सापडतात, हे आईला तिथे पटलं.

मग जीपने सेरो दे ला मुएर्ते या डोंगराच्या बाजूला, तीन हजार मीटरच्या आसपास गेलो. तिथला 'फायरी-थ्रोटेड' हमिंगबर्ड बाजूने बघाल तर गडद हिरवा, बस्स. गाईडने आम्हाला ऊन पाठीवर घेऊन उभं केलं. पक्ष्याने मान वळवली आणि गळा तांबूस केशरी पेटला, छातीवर निळा. पुन्हा वळला, सगळं विझलं. ही चमक पिसांच्या रचनेतून येते, म्हणून एका क्षणाच्या रंगावरून नाव ठरवायचं नाही, हे त्याने दहादा तरी सांगितलं असेल.

खरी परीक्षा खाली दरीत झाली, साधारण २२०० मीटरवर. 'व्होल्कॅनो' आणि 'सिंटिलंट' या हमिंगबर्डच्या दोन जाती, दोन्ही जेमतेम दोन-अडीच ग्रॅमचे, आणि माद्या तर जुळ्या बहिणी. नर सोपे: या डोंगरात व्होल्कॅनोचा गळा करडट जांभळा, सिंटिलंटचा लाल-केशरी. मादीसाठी मात्र शेपटीच बघावी लागते. सिंटिलंटची बरीचशी तांबूस, व्होल्कॅनोची मधली पिसं हिरवी. ती शेपूट पसरेपर्यंत आम्ही चाळीस मिनिटं एका झुडपापाशी उभे होतो. गाईडने एकदाही घाई केली नाही.

तक्रारी दोन. भाड्याने मिळालेली दुर्बीण तीन मीटरवर फोकसच होत नव्हती, आणि इथे पक्षी त्याहून जवळ येतात. जवळ फोकस होणारी, ८x४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), आपली आपण न्या. दुसरं, एवढ्या उंचीवर आईच्या वयाच्या माणसाला बसायला एक घडीची खुर्ची तरी ठेवायला हवी होती.

शेवटची मादी शेपूट न पसरताच उडाली. मी व्होल्कॅनो लिहिणार होते. गाईडने वहीत 'दोघींपैकी एक' एवढंच लिहिलं, मग मीही तेच लिहिलं.